स्टेन लावलेल्या व्हिनिअरचे घरच्या घरी फिनिशिंग: रंग लॉक होईपर्यंत पॉलिश पेपर हातात घेऊ नका

व्हिनिअरवर, म्हणजे प्लायवर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर, स्टेन लावेपर्यंत बहुतेकांचे काम छान चाललेले असते. बिघडते ते त्यानंतरच्या दोन-चार तासांत. वाळलेला स्टेन हाताला थोडा खरखरीत लागतो, म्हणून कोणी त्यावर पॉलिश पेपर फिरवतो. कोणी ब्रश भरून सीलर (रंग बंदिस्त करणारा पारदर्शक थर) घेतो आणि एकाच जागी चार वेळा ओढतो. रंग पट्ट्यापट्ट्यांनी उठतो, कडांना पांढरे पडते, आणि दोष स्टेनच्या डब्यावर येतो.

दोष असतो क्रमात. स्टेन म्हणजे फक्त रंग. तो लाकडाचे पाण्यापासून, हळदीपासून, गरम भांड्यापासून काहीही रक्षण करत नाही, आणि वर सीलर बसेपर्यंत तो स्वतःही सुरक्षित नसतो. हे सगळे होते ते जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीच्या लाकडावर. भरीव सागवानी टेबल बिघडले तर रंधा मारून पुन्हा सुरुवात करता येते. व्हिनिअरवर ती सोय नाही. म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा. एखादी गाळायची वाटली तर पुढचीही करू नका, काम तिथेच थांबवा.

## १. आधी समोर काय आहे ते ओळखा

व्हिनिअर कशाने चिकटवले आहे, हे मिस्त्रींना विचारा. पांढरा फेविकॉल लावून वजनाखाली किंवा प्रेसमध्ये दाबले असेल तर फारशी चिंता नाही. पिवळट, रबरासारख्या सोल्युशनने चिकटवले असेल तर जपून, कारण भरपूर थिनर ओतले तर ते व्हिनिअरच्या छिद्रांतून झिरपते, सोल्युशन मऊ पडते आणि फुगे येतात. अशा कामावर प्रत्येक हात पातळ द्यायचा आणि थिनरने चिंब पुसणे पूर्ण टाळायचे.

दुसरा प्रश्न व्हिनिअरच्या जातीचा. सागवान, अक्रोड, ओक ही नैसर्गिक व्हिनिअर स्टेन नीट घेतात. बाजारात ‘रेकॉन’ नावाने मिळणारे व्हिनिअर मात्र आधीच रंगवलेल्या पातळ थरांपासून बनवलेले असते, आणि थिनर किंवा स्पिरिट लागताच त्यातला मूळ रंगही सुटू शकतो. पांढऱ्या चिंधीला थोडे थिनर लावून कोपऱ्यात टेकवून बघा. चिंधी रंगली तर पुढचे सगळे हात तुम्हाला फवाऱ्यानेच द्यावे लागतील.

सागवानात स्वतःचे तेल असते. त्यामुळे तेलाधारित वार्निश आणि काही पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) त्यावर दिवसेंदिवस चिकट राहतात. स्टेन लावण्याआधी थिनरने ओलसर केलेल्या फडक्याने एकदा पुसून घ्या आणि अर्धा तास उडू द्या. इथेही ‘ओलसर’च, ‘ओले’ नाही.

तपासणी: नखाने किंवा एक रुपयाच्या नाण्याने संपूर्ण पृष्ठभागावर हलके टकटक करत जा. जिथे आवाज पोकळ येईल तिथे व्हिनिअर सुटलेले आहे. पेन्सिलने खूण करा. दुरुस्ती आत्ता होते, स्टेननंतर होत नाही. पांढऱ्या फेविकॉलचे काम असेल तर वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री दाबली की गोंद मऊ होऊन बऱ्याचदा परत बसतो. नाहीच बसला तर लाकडाच्या रेषेच्या दिशेने ब्लेडने बारीक चीर द्या, सिरिंजने फेविकॉल आत सोडा, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी आणि दोन विटा. रात्रभर हलवायचे नाही.

## २. पुण्याची हवा बघून दिवस ठरवा

हा मुद्दा लोक सगळ्यांत हलक्यात घेतात. ओळखीच्या एका घरी जुलैत टीव्ही युनिट केले. गौरी-गणपतीच्या आत संपवायचे होते, म्हणून पावसातच एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचा हात दिला. दहा मिनिटांत गडद अक्रोडी रंगावर दुधाची साय धरल्यासारखी पांढरट झाक आली. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर जमते आणि न वाळलेल्या थरात अडकते. त्यात डब्याचा काहीही दोष नसतो.

घरात एक साधा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ७० टक्क्यांच्या वर असेल तर मी लॅकर आणि पीयूचा डबा उघडत नाही. दोन घटकांच्या पीयूचे तर आणखी एक दुखणे आहे: त्यातला हार्डनर (थर कडक करणारा घटक) पाण्याशी प्रतिक्रिया करतो, त्यातून वायू सुटतो आणि थरात बारीक बुडबुडे राहतात.

ऋतूप्रमाणे कामाची वेळ बदला. पावसाळ्यात उघडीप मिळाली तर दुपारी अकरा ते चार. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारठा जाऊ द्या, कारण थंडीत पीयू आळसावतो. दहा वाजल्यानंतर सुरुवात करा. एप्रिल-मेमध्ये उलट, सकाळी लवकर. भर दुपारी थिनर इतक्या झपाट्याने उडते की ब्रशच्या रेघा विरघळायच्या आधीच थर बसतो.

धुळीचा बंदोबस्त आदल्या दिवशी करा. पुण्यात आज कोणत्या सोसायटीच्या शेजारी बांधकाम चालू नाही? जाळ्या, पंख्याची पाती, पडदे आदल्या दिवशी झाडा. कामाच्या दिवशी फक्त फरशी ओल्या फडक्याने पुसा. हात देताना पंखा बंद, खिडक्या मात्र उघड्या.

इशारा: थिनर आणि स्पिरिटची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. गॅसची शेगडी बंद, गीझर बंद, आणि देवघरातले निरांजन किंवा समई विझलेली असली पाहिजे. दिवा अखंड ठेवायचा नेम असेल त्या घरात हे काम गच्चीवर किंवा अंगणात करा. पीयू आणि मेलामाइनसाठी (हेही एक कडक पारदर्शक पॉलिश) कापडी मास्क पुरत नाही. कोळशाच्या डबीचा, सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क घ्या. लहान मुले आणि दम्याची माणसे त्या दिवशी दुसऱ्या घरी.

## ३. घासणे: एकदाच आणि बेताने

घासायचे ते स्टेनच्या आधी. आधी १८० नंबरचा पेपर, मग २२०. एवढेच. ८० किंवा १२० नंबर व्हिनिअरजवळ आणू नका आणि घासायचे मशीन तर नकोच. ३२० किंवा ४०० पर्यंत जाऊन आरसा करायचा मोहही टाळा. पृष्ठभाग जास्त गुळगुळीत झाला की पिगमेंटचा (न विरघळणाऱ्या रंगीत पुडीचा) स्टेन आत शिरत नाही आणि रंग फिका येतो.

पेपर ठोकळ्यावर गुंडाळा. जुन्या रबरी चपलेच्या तळाचा हातात मावणारा तुकडा यासाठी उत्तम. बोटांनी घासले तर बोटांखाली खड्डे पडतात. घासायचे फक्त रेषांच्या दिशेने. आडवा मारलेला एकच हात आत्ता दिसणार नाही, स्टेन लावल्यावर काळ्या ओरखड्यांनी वर येईल.

घासण्याआधी पृष्ठभागावर पेन्सिलने फिकट नागमोडी रेघ ओढून ठेवा. रेघ गेली की तिथले घासणे संपले. कडांपाशी ही रेघच तुम्हाला वाचवते. ठोकळा कडेवरून खाली घसरतो, तेव्हा सगळा दाब तिथल्या बोटभर जागेवर येतो. मग काय होते ते मी माझ्याच कपाटाच्या दारावर बघितले आहे. आधी रेषा धूसर झाल्या, मग चिंचोक्याएवढा फिका ठिपका आला, आणि त्यात आडव्या रेषा दिसू लागल्या. त्या रेषा प्लायच्या होत्या. तो ठिपका आजही तिथे आहे. रंगीत टचअपने लपवला, पण तिरप्या उन्हात ओळखू येतो.

तपासणी: खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. आडवे ओरखडे, गोंदाचे चकचकीत डाग, मिस्त्रींच्या बोटांचे ठसे सगळे दिसतील. गोंद ज्या जागी सुकला आहे तिथे स्टेन शिरत नाही आणि फिका डाग राहतो. तो ब्लेडच्या कडेने अलगद खरवडा, मग २२० ने दोन हात.

धूळ व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने काढा, शेवटी किंचित थिनर लावलेल्या मलमलीने. घासायला स्टील वूल वापरू नका. त्याचे बारीक तुकडे रेषांत अडकतात आणि ओल लागली की सागवान किंवा ओकमधल्या टॅनिन या द्रव्याशी मिळून काळे ठिपके देतात.

खिळ्यांची भोके आत्ता लांबीने भरू नका. लांबी स्टेन वेगळाच घेते. ती सीलरच्या दोन हातांनंतर, तयार रंगाशी जुळवून भरायची.

## ४. नमुना फळी, आणि पांढऱ्या चिंधीची परीक्षा

मिस्त्रींना सांगून त्याच व्हिनिअरचा उरलेला तुकडा मागून ठेवा. ‘तसाच दुसरा’ नको, त्याच शीटचा हवा. तो २२० पर्यंत घासा, स्टेन लावा आणि अर्ध्या भागावर पुढचे सगळे हात द्या. हे एक दिवसाचे काम आहे आणि याच्याशिवाय पुढे जाणे म्हणजे ३२ चौरस फुटांच्या शीटवर पहिला प्रयोग करणे.

वाळलेला स्टेन मेलेला दिसतो, राखाडी आणि कोरडा. खरा रंग वर सीलर बसल्यावरच उमलतो, आणि तो डब्यावरच्या चित्रापेक्षा बहुधा गडद असतो. फळीवर हे आधी बघितलेले नसेल तर माणूस घाबरतो आणि स्टेनचा दुसरा हात देतो. सीलर लागला की सगळे काम कोळशासारखे काळे पडते. ‘रंग जास्तच डार्क झाला’ म्हणून मला दाखवलेल्या कामांपैकी बहुतेकांचे कारण हेच होते.

आता चिंधीची परीक्षा. फळीवरचा स्टेन पूर्ण वाळू द्या. सीलर ज्यात विरघळतो तेच द्रावण, म्हणजे एनसी सीलरसाठी थिनर, चपड्यासाठी (लाखेच्या पापड्यांच्या पॉलिशसाठी) स्पिरिट, पाण्याच्या पीयूसाठी पाणी, पांढऱ्या सुती चिंधीला लावा आणि फळीवर दोन वेळा हलके पुसा. चिंधी पांढरी राहिली तर तो सीलर ब्रशने लावता येईल. फिकट डाग आला तर एकाच हातात, परत न फिरवता. चिंधी भरून रंग आला तर ब्रश विसरा. सीलर बदला, नाहीतर फवारा घ्या.

## ५. स्टेन

डबा तळापासून ढवळा. पिगमेंट खाली बसलेले असते, आणि वरवरचे पाणी लावून अर्धे काम केले की उरलेले अर्धे वेगळ्या रंगाचे होते. दोन डबे लागणार असतील तर आधीच एका भांड्यात एकत्र करा. दर थोड्या वेळाने पुन्हा ढवळा.

जुन्या सुती बनियनचे किंवा धोतराचे कापड घ्या. त्याचे धागे सुटत नाहीत. एका वेळी एक पूर्ण पॅनल, बीडिंगपासून बीडिंगपर्यंत. मध्येच थांबलात तर थांबलेल्या जागी गडद पट्टा उमटेल. कामाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उभ्या दारावर खालून वर जा, म्हणजे ओघळ कोरड्या लाकडावर येऊन रेघ सोडत नाही. लावून झाल्यावर जादा स्टेन स्वच्छ कापडाने रेषेच्या दिशेने पुसून काढा. वर साचलेले पिगमेंट लाकडाला चिकटलेले नसते. त्यावर बसलेला सीलर पुढे त्याच्यासकट पोपडे धरतो.

प्लायच्या उघड्या कडा आणि बीडिंग पट्टीची टोके रंग अधाशासारखी पितात. तिथे आधी अगदी पातळ चपड्याचा एक हात द्या, वाळू द्या, मग स्टेन.

वाळण्याचा वेळ: थिनर किंवा स्पिरिटच्या स्टेनला काही तास, पाण्याच्या स्टेनला एक दिवस, तेलाच्या स्टेनला एक ते दोन दिवस आणि दमट हवेत तीनसुद्धा. तेलाचा स्टेन नाकाने तपासा. टर्पेंटाइनचा वास येत असेल तर तो वाळलेला नाही, हाताला कोरडा लागला तरी.

इशारा: जवसाच्या तेलाच्या किंवा तेलाधारित स्टेनच्या चिंध्या गोळा करून कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते, त्यात उष्णता निर्माण होते, आणि घडी घातलेल्या कापडात ती अडकून चिंधी आपोआप पेटते. काडी लावावी लागत नाही. गॅलरीच्या कठड्यावर एकेक चिंधी पसरून पूर्ण कडक वाळू द्या, मगच घंटागाडीत. रात्र झाली असेल तर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

## ६. रंग लॉक करणे

सगळे काम इथे घडते किंवा बिघडते.

नियम असा: स्टेन ज्या द्रावणात विरघळतो त्यापेक्षा वेगळ्या द्रावणातला सीलर निवडा. पाण्याच्या स्टेनवर चपडा किंवा एनसी सीलर बिनघोर चालतो. पूर्ण वाळलेल्या तेलाच्या स्टेनवर चपडा चालतो. स्पिरिटच्या रंगावर चपडा हाताने लावू नका, बोळ्याबरोबर सगळा रंग निघून येईल. आपल्याकडे दुकानात सर्रास मिळतो तो थिनरमध्ये मिसळायचा स्टेन, आणि त्यावर लोक थिनरचाच सीलर ब्रशने लावतात. हीच सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक. तिथे सीलर फवाऱ्यानेच द्या. कॉम्प्रेसर नसेल आणि काम छोटे असेल तर स्प्रे कॅनमध्ये मिळणारा क्लिअर लॅकर चालतो. वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतरावरून, धुक्यासारखे दोन-तीन झटके, प्रत्येकामध्ये दहा मिनिटे. पहिल्या झटक्यात पृष्ठभाग ओला दिसताच कामा नये.

चपडा स्वतः करायचा असेल तर एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटला १०० ते १२० ग्रॅम चपडा, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत, रात्रभर. पत्र्याचा डबा नको, लोखंडाने चपडा काळपट होतो. साध्या चपड्यात मेण असते आणि वरचा पीयू किंवा वार्निश त्या मेणावर धड चिकटत नाही. म्हणून बरणी न हलवता दोन-तीन दिवस ठेवा. गढूळ गाळ खाली बसतो, वरचा निवळ तेवढा वापरा. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटच्या आसपास किंवा रविवार पेठेत चपडा घेताना मेण काढलेला मिळतो का ते विचारा, म्हणजे हा खटाटोप वाचेल. जुन्या द्रावणाचा एक थेंब काचेवर टाकून बघा. तासाभरानेही चिकट असेल तर ते टाकून द्या.

लावण्याची पद्धत सगळ्या सीलरना सारखीच. ब्रश किंवा बोळा अर्धा भरलेला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सलग ओढ. पुढची ओढ आधीच्या ओढीवर बोटभर चढवायची. एखादी जागा सुटली तर तिथे परत जायचे नाही. ती दुसऱ्या हातात भरते. हात परत नेण्याची इच्छा आवरणे हेच या पायरीतले कौशल्य आहे. बोळ्याचा तळ मधूनमधून उलटा करून बघा. तो तपकिरी होत चालला असेल तर रंग उठतो आहे, थांबा.

पहिला हात वाळला की घासायचे नाही. खरखरीत लागेल, लागू द्या. तेवढ्या थराच्या वर पेपर फिरवला तर उभे राहिलेले तंतू रंगासकट कापले जातात आणि तिथे पांढरे ठिपके पडतात. दुसरा हात द्या, तोही पूर्ण वाळू द्या, आणि मगच ४०० नंबरचा पेपर, कोरडा, बोटाच्या वजनाएवढा दाब. कडांपासून दोन सेंटिमीटर आत थांबा. कडा तिसऱ्या हातानंतर घासता येतात.

तपासणी: पेपरवर जमणारी पूड पांढरी असली पाहिजे. पुडीत तपकिरी झाक दिसताक्षणी हात उचला. तुम्ही सीलर ओलांडून रंगात शिरलात.

आता खिळ्यांची भोके भरा, आणि फिके राहिलेले ठिपकेही आत्ताच. सीलरमध्ये थेंबभर स्टेन मिसळून शून्य नंबरच्या ब्रशने रेषेच्या दिशेने बारीक रेघा काढा. ठिपका रंगाने भरून टाकू नका, रेघा काढा. डोळ्याला लाकूड दिसते ते रेघांमुळे. वर पुन्हा एक सीलरचा हात.

## ७. वरचे हात: कोणते पॉलिश कुठे

नुसत्या चपड्याचे पॉलिश मला शोभेच्या वस्तूंना, चौकटींना आवडते, पण ते जेवणाच्या टेबलावर नको. गरम पातेल्याने आणि पाण्याने पांढरे डाग पडतात, सॅनिटायझरच्या थेंबाने ते विरघळते. एनसी लॅकर दुरुस्तीला सर्वांत सोपे, पुस्तकांच्या कपाटाला पुरेसे. मेलामाइन कडक आणि स्वस्त, पण त्यातून फॉर्मल्डिहाइडचा वास बरेच दिवस येत राहतो. झोपायच्या खोलीत मी ते वापरत नाही. जेवणाचे टेबल, स्वयंपाकघरातली शटर्स, बेसिनच्या आसपासचे काम यांना पीयू हवा.

घरी करणाऱ्याला माझा स्पष्ट सल्ला: पाण्याचा पीयू घ्या. वास कमी, आगीची भीती नाही, ब्रश पाण्याने धुता येतो आणि फिकट रंगाला तो पिवळेपणा आणत नाही. डब्यात दुधासारखा दिसतो, वाळल्यावर स्वच्छ होतो. पाण्याच्या स्टेनवर थेट लावू नका, मध्ये मेण काढलेल्या चपड्याचा हात हवाच. दोन घटकांचा थिनरचा पीयू फवाऱ्याने आणि योग्य मास्कने द्यायचा असतो. तो चांगल्या पॉलिशवाल्या कारागिराकडून करून घ्या आणि त्याखाली त्याच कंपनीचा पीयू सीलर वापरायला सांगा. एनसी सीलरवर पीयू मारून काम स्वस्तात उरकणारे आहेत. काही महिन्यांनी थर सुटून येतो.

कृती छोटी आहे. डबा हलवू नका, ढवळा. हलवल्याने बुडबुडे येतात. सॅटिन किंवा मॅट असेल तर तळापासून ढवळा, कारण चमक मारणारी पूड खाली बसते. मऊ सिंथेटिक ब्रशने पातळ हात, रेषेच्या दिशेने. दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो, तो पाळा. मध्ये ४०० चा हलका पेपर, मलमलीने धूळ, आणि पुढचा हात. उभ्या कामाला दोन, टेबलाच्या वरच्या भागाला तीन किंवा चार. घट्ट एका हातापेक्षा पातळ तीन हात केव्हाही चांगले.

ओघळ आला तर ओला असताना बोट लावू नका. दुसऱ्या दिवशी ब्लेड उभे धरून खरवडा, मग पेपर.

एनसी लॅकरवर पांढरट झाक आलीच तर घासायला धावू नका. कोरड्या, उन्हाच्या दिवसाची वाट बघा, आणि मग रिटार्डर (थिनर सावकाश उडवणारे द्रावण) मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा द्या. थर क्षणभर मऊ होतो आणि अडकलेली ओल निघून जाते. ही युक्ती फक्त एनसीला आहे, मेलामाइन आणि पीयूवर करू नका.

दारांची आणि सुट्या फळ्यांची मागची बाजूही विसरू नका. एका बाजूला चार हात आणि दुसरी कोरी ठेवली तर पावसाळ्यात कोरी बाजू ओल पिते आणि दार वाकते. मागे स्टेन नको, पण सीलर आणि एक हात हवा.

## ८. वाळले म्हणजे तयार झाले असे नाही

हाताला कोरडे लागणे ही फक्त सुरुवात. पीयूला पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा लागतो, तेलाच्या वार्निशला महिनाभर. पहिला आठवडा वर काहीही ठेवू नका. पहिला महिना ओले फडके नको, जड समई किंवा मूर्ती एकाच जागी नको.

आपल्या घरांतली एक सवय मात्र कायमची सोडावी लागेल. नवे टेबल खराब होऊ नये म्हणून त्यावर लगेच प्लॅस्टिकचे टेबलक्लॉथ अंथरले जाते, किंवा काच ठेवून खाली पारदर्शक मऊ बटणे लावली जातात. मऊ प्लॅस्टिकमध्ये त्याला लवचिक ठेवणारे तेलकट द्रव्य असते. ते हळूहळू लॅकरमध्ये उतरते आणि थर मऊ, चिकट करते. सहा महिन्यांनी कापड उचलले की त्याच्या जाळीची नक्षी टेबलावर छापलेली मिळते. सुती कापड अंथरा. काच ठेवायचीच असेल तर फेल्टचे तुकडे लावा. गरम भांड्याखाली लाकडी किंवा विणलेली अडणी, पीयू असला तरीही.

उन्हाने रंग उडतो, आणि वरचा कोणताही पारदर्शक थर ते पूर्ण थांबवत नाही. डायचे (द्रावणात विरघळणारे) रंग पिगमेंटपेक्षा लवकर उडतात. पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या युनिटला दुपारी पडदा हवा. फुलदाणी, फोटोफ्रेम अधूनमधून हलवत राहा, नाहीतर तिच्याखाली जुन्या रंगाचा चौकोन उरतो.

पुसायला कोरडे मऊ कापड, चिकट डागाला पिळून काढलेले ओलसर कापड आणि लगेच कोरडे. सिलिकॉन असलेले फर्निचर स्प्रे वापरू नका. चमक छान येते, पण पुढे कधी दुरुस्तीचा हात द्यायची वेळ आली की सिलिकॉनवर थर फाटतो आणि जागोजागी गोल डोळे पडतात.

काम संपल्यावर उरलेला स्टेन छोट्या काचेच्या बाटलीत भरा. तिच्यावर स्टेनचे नाव, प्रमाण, सीलर कोणता, पॉलिश कोणते, किती हात आणि तारीख लिहा. नमुना फळीच्या मागे हेच पुन्हा लिहा आणि ती कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पाच वर्षांनी एखाद्या कोपऱ्याचा टवका उडेल, तेव्हा कारागीर पहिला प्रश्न हाच विचारेल: ‘याच्यावर आधी काय मारलंय?’